मोठ्या दोस्ताचा भरवसा नसतो तेव्हा

(बारामती येथे डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : बलाढ्य देशाचा नेता बेभरवशाचा वाटायला लागला तर त्याचे मित्रदेश कसे वागतात? आता हा विषय बारामती-इंदापूरच्या लोकांपुढे मांडायचा म्हणजे कोल्हापूरकराला मिसळ समजावून सांगण्यासारखं आहे. आघाडीतला थोरला भागीदार ऐनवेळी काय करील, हे शिकायला इथल्या माणसाला विद्यापीठात जावं लागत नाही. पण त्या वाटेला मी आज जाणार नाही. मला रात्री सुखरूप घरी जायचं आहे. देशादेशांचंच बोलू.

सुरुवात डाळिंबापासून करतो, कारण समोर डाळिंबवाले बसलेले दिसतात. या वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातलं भगवं डाळिंब पहिल्यांदाच समुद्रमार्गे न्यूयॉर्कला गेलं आणि चांगल्या स्थितीत पोहोचलं. विमानाचं भाडं वाचणार, माल टिकतो हेही कळलं, म्हणून सगळे खूश. त्यानंतर काही आठवड्यांनी, २ एप्रिलला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक तक्ता हातात धरून कोणत्या देशावर किती टक्के कर ते वाचून दाखवलं. भारतावर २६ टक्के. मग ते थांबवलं. मग ऑगस्टमध्ये २५ टक्के लागू झाले आणि २७ ऑगस्टपासून रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी २५. एकूण ५०. हाच नेता २०१९ मध्ये ह्यूस्टनला आपल्या पंतप्रधानांचा हात धरून मैदानात फिरला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर लाखभर लोकांनी त्याचं स्वागत केलं होतं. तिरुपूरच्या कपडेवाल्यांनी मोटेराची ती सभा टीव्हीवर पाहिली असेलच. ऑगस्टनंतर त्यांच्या ऑर्डरी अडकल्या तेव्हा त्या सभेचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

भारत निदान अमेरिकेचा करारबद्ध मित्र तरी नाही. जे आहेत त्यांचं काय झालं ते बघा. जपानवर आधी २४ टक्के लावले, वाटाघाटी होऊन ते १५ वर आले, आणि त्या बदल्यात जपानने ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची कबुली दिली. युरोपीय संघही १५ टक्क्यांवर राजी झाला. युक्रेनच्या अध्यक्षांना २८ फेब्रुवारीला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झापलं गेलं आणि त्यानंतर काही दिवस शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही बंद झालं. लढाई चालू असताना! नाटोचे प्रमुख तर हेगच्या बैठकीच्या वेळी अध्यक्षांना ‘डॅडी’च म्हणून बसले.

त्या ‘डॅडी’वर जगभर लोक हसले. मी मात्र खुशामतीवर हसायला तयार नाही. दुबळ्याचं ते फार जुनं हत्यार आहे आणि त्याचा उपयोग होतो. खुशामतीने वेळ विकत घेता येतो. तो वेळ घेतल्यावर पुढे त्याचं काय करायचं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा आहे.

जपानचे शिंझो आबे यांचं उदाहरण घ्या. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले तेव्हा, नोव्हेंबर २०१६ मध्ये, परदेशी नेत्यांपैकी सगळ्यांत आधी त्यांच्या घरी गेले ते आबे. सोन्याच्या मुलाम्याची गोल्फची काठी भेट घेऊन गेले. जपानी वर्तमानपत्रांनी टिंगल केली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून अंग काढून घेतलं, म्हणजे काठी वाया गेली असंच कुणालाही वाटेल. पण आबे गोल्फ खेळत राहिले आणि दुसरीकडे उरलेल्या दहा देशांना धरून तो करार त्यांनी मार्च २०१८ मध्ये अमेरिकेशिवाय करून टाकला. फेब्रुवारी २०१९ पासून युरोपशी वेगळा करार लागू झाला. हसतमुखाने मोठ्याला गुंतवून ठेवायचं आणि तेवढ्या वेळात दुसरी दारं उघडून ठेवायची, असा तो हिशोब होता.

आता मी तुम्हाला ४०० वर्षं मागे नेणार आहे. लांब जायचं नाही, इंदापूर आणि सुप्यापर्यंतच. कारण हाच डाव आपल्या याच गावांना प्यादं करून खेळला गेला आहे, आणि त्याचा शेवट आपल्याला माहीत आहे. ट्रम्पच्या गोष्टीचा शेवट अजून कुणालाच माहीत नाही.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि तिला लागूनच चांदशावली बाबांचा दर्गा. तुम्ही रोज बघता म्हणून सांगायची गरज नाही. मालोजीराजे निझामशाहीचे सरदार. इंदापूरच्या लढाईतच त्यांना मरण आलं अशी परंपरा आहे. नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, हीही परंपराच. पुणे, सुपे, इंदापूर हा मुलूख भोसल्यांच्या मोकाशाचा. मोकासा म्हणजे त्या मुलखाचा महसूल घ्यायचा आणि त्यावर फौज ठेवायची. पण मालक वर निझामशहा, म्हणजे तो टिकला तर तुम्ही टिकणार.

आणि निझामशाही टिकली होती ती मलिक अंबरच्या जोरावर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेल्यावर उभा राहिला. त्याने निझामशाही घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनमध्ये झोप येऊ दिली नाही. या अंबरच्या काळात तीन घरं होती : नगरची निझामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. उत्तरेला चौथा, सगळ्यांत मोठा, मुघल. तिन्ही लहान घरांना कळत होतं की एकत्र राहिलो तर निभावून जाऊ. पूर्वी त्यांनी ते करूनही पाहिलं होतं. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ तिघांच्या फौजा मुघलांविरुद्ध एकत्र लढल्या. हरल्या, पण एकत्र हरल्या.

१६२० नंतर चित्र बदललं. मुघलांकडेच गोंधळ होता. जहांगीर बादशहा आजारी, त्याचा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून बसलेला. गंमत बघा, ज्या खुर्रमने अंबरला दोनदा तह करायला लावला तोच आता अंबरकडे मदत मागत होता. दिल्लीचा शब्द म्हणजे नक्की कुणाचा शब्द, हे दख्खनमध्ये कुणाला सांगता येत नव्हतं. बऱ्हाणपूरला मुघलांचा सेनापती महाबतखान होता. अशा वेळी शेजारी काय करतात? अंबर आणि इब्राहिम आदिलशहा, दोघांनीही महाबतखानाकडे वेगवेगळे वकील पाठवले. दोघांचं म्हणणं एकच : मला जवळ करा, त्याला नको.

हे ऐकून तुम्हाला या वर्षीचा मे-जून आठवला असेल तर माझा नाइलाज आहे. पाकिस्तानने ट्रम्पना नोबेल मिळावं म्हणून नाव सुचवलं. आपण रोज सांगत राहिलो की युद्धबंदी आमची आम्ही केली, तिसऱ्याचा संबंध नाही. तिसरा रोज सांगत राहिला की ती मीच केली.

महाबतखानाने आदिलशहाला पसंत केलं. मुल्ला मुहम्मद लारी नावाचा आदिलशाही सेनापती फौज घेऊन बऱ्हाणपूरला गेला. अंबर एकटा पडला. पण हा माणूस हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. तो तडक कुतुबशहाकडे गेला, जुनी थकबाकी वसूल केली, तिसऱ्या घराशी तह केला आणि पाठ सुरक्षित करून विजापूरवर चालून गेला. घाबरलेल्या आदिलशहाने लारीला परत बोलावलं, सोबत मुघलांची कुमक आली, आणि १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला गाठ पडली. अंबरने तलावाचा बांध फोडून मुलूख चिखलात घातला आणि दोन मोठ्या फौजांचा धुव्वा उडवला. लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचा भाऊ शरीफजी तिथेच पडला.

भातवडीचं वर्णन शाळेत करतात ते गनिमी काव्याचा विजय म्हणून. तो होताच. माझ्या दृष्टीने त्याआधीची गोवळकोंड्याची खेप जास्त महत्त्वाची आहे. मोठ्याने दार बंद केलं तेव्हा अंबर तिसऱ्या दारावर गेला. मोठ्याच्या पायरीवर बसून राहिला नाही.

पण विजयानंतर अंबरने केलं काय, तर आदिलशहाने हौसेने वसवलेलं नवरसपूर जाळलं. शेजाऱ्याचा अपमान केला. इब्राहिमशहा हा संगीताचा, गणपती-सरस्वतीचं नाव घेणारा बादशहा होता, त्याचं ते लाडकं गाव. तो डाग गेला नाही. अंबर १६२६ मध्ये गेला, इब्राहिम आणि जहांगीर १६२७ मध्ये. दोन वर्षांत पट पुरता बदलला. उत्तरेत शहाजहान गादीवर आला. इकडे निझामशहा, ज्याला अंबरने लहानाचा मोठा केला, तो स्वतःच संशयाने पछाडलेला. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात त्याने लखुजी जाधवरावांना मुलं-नातवासकट मारलं. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील, शहाजीराजांचे सासरे.

आता शहाजीराजांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचा मालकच बेभरवशाचा झाला. १६३० मध्ये ते मुघलांकडे गेले, मोठी मनसब मिळाली. १६३२ मध्ये शहाजहानने मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याला खूश करण्यासाठी शहाजींना दिलेल्या मुलखातलाच काही भाग काढून त्याला दिला. शहाजींनी मुघल सोडले. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, निझामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी झाला. शहाजींनी संगमनेरजवळ पेमगिरीवर निझामशाही घराण्यातलं एक मूल शोधून गादीवर बसवलं आणि तीन वर्षं स्वतः राज्य चालवलं. अंबरने केलं होतं तेच, अंबरशिवाय.

काही लोक म्हणतात, शहाजी सारखे बाजू बदलत होते. काही त्याला धर्माचा रंग देतात. मला दोन्ही पटत नाही. हबशी वजीर, मराठा सरदार, दख्खनी मुसलमान आणि ब्राह्मण कारभारी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूलाही अगदी हेच सगळे. विजापूरकरांच्या बाजूने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला तो मुरार जगदेव नावाच्या ब्राह्मण सरदाराने. यात धर्म शोधायला गेलात तर हाताला राख लागेल. आमच्या समाजातही उलट बाजूने असाच भाबडेपणा आहे. कलमा एक, म्हणून राजकारण एक असेल असं आपल्याला वाटतं. शहाजहानने १६३६ मध्ये गोवळकोंड्याकडून काय लिहून घेतलं ठाऊक आहे? खुतब्यातून इराणच्या शहाचं नाव काढायचं, तिथे आपलं नाव घालायचं आणि शिया पद्धत बंद करून चार खलिफांची नावं घ्यायची. मुसलमान बादशहाने मुसलमान बादशहाच्या मशिदीतला खुतबा बदलून घेतला. ताकदीने.

या सगळ्या काळात इंदापूर, सुपे, पुणे इथल्या रयतेचं काय झालं? १६३० ते ३२ दरम्यान महाराष्ट्र-गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. देहूत तुकोबांच्या घरातली माणसं त्यात गेली. पाऊस नाही आणि वर फौजा येत-जात होत्या. घोड्यांना वैरण लागते, ती गावातूनच जाते. राजा बाजू बदलतो तेव्हा पाटलाला महसुलाचा नवा मालक कळतो, कधी कधी दोन मालक एकाच हंगामात येतात. बखरकार आणि दरबारी लेखक यावर फार शाई खर्च करत नाहीत. तुमच्या पूर्वजांपैकी कुणी तरी तेव्हा नीरेच्या काठाने गुरं घेऊन निघालं असेल.

मे १६३६. मुहम्मद आदिलशहाने शहाजहानशी तह केला. मुघलांचं वर्चस्व मानलं, २० लाख रुपये दिले, आणि बदल्यात मेलेल्या निझामशाहीचा वाटा मिळाला : सोलापूर-परांड्याचा पट्टा, कोकण, आणि पुणे-चाकणचे परगणे. शेजाऱ्याच्या घराचे वासे दोघांनी वाटून घेतले. शहाजींना त्याच वर्षी माहुलीला शरण यावं लागलं. ते आदिलशाहीत गेले, त्यांना कर्नाटकात पाठवलं, पण पुणे-सुपे-इंदापूर त्यांच्याकडे राहिलं.

या तहाने मुघल दरबाराकडून साधारण २० वर्षांची शांतता मिळाली. विकतच घेतली होती ती. आणि आता ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगितली तो भाग. एकाच तहाने मिळालेला तोच वेळ दोन घरांनी वापरला. विजापूरने तो दक्षिणेकडे लढाया करण्यात घालवला, खजिना भरला, गोलघुमट बांधला. उत्तरेची सीमा करारावर सोडून दिली, कारण करारावर बादशहाच्या पंजाचा ठसा होता. इकडे पुण्यात जिजाऊ आणि लहान शिवाजी आले. नांगर फिरवलेली जमीन पुन्हा लागवडीला आली, गावं वसली, मावळातल्या देशमुखांशी नाती जोडली गेली, डोंगरी किल्ले एकेक हाताखाली आले.

नोव्हेंबर १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा वारला. औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता. त्याने म्हटलं, नवा आदिलशहा हा खरा वारसच नाही. १६५७ मध्ये बिदर आणि कल्याणी घेतलं. विजापूर तेव्हा वाचलं ते दिल्लीतून थांबण्याचा हुकूम आला म्हणून आणि शहाजहान आजारी पडून भावाभावांत लढाई लागली म्हणून. १६८६ मध्ये मात्र गेलंच. पुढच्या वर्षी गोवळकोंडा. त्या वेळी त्यांच्या मदतीला येऊ शकेल असं नगरचं घर शिल्लकच नव्हतं, ते त्यांनीच वाटून खाल्लं होतं. आणि त्याच २० वर्षांत जे पुणे-सुप्यात उभं राहिलं, त्याला हरवायला औरंगजेब २५ वर्षं दख्खनमध्ये राहिला आणि इथेच मेला.

इतिहास पुरे. माझ्या स्वतःच्या आठवणीतल्या काळाकडे येतो.

१९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. पीएल ४८० नावाचा कायदा होता, त्याखाली रुपयात पैसे देऊन गहू मिळायचा. १९६६ मध्ये एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं. बंदरात जहाज लागलं की लोकांच्या ताटात, अशी अवस्था. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी ठरवलं की भारताला वर्षाचा करार द्यायचा नाही, महिन्या-दोन महिन्यांपुरताच गहू सोडायचा आणि प्रत्येक जहाजावर स्वतः सही करायची. आपण व्हिएतनामच्या युद्धावर बोललो की जहाज लांबायचं. त्यांना आपली शेतीची धोरणं बदलून हवी होती हेही खरं, आणि ती बदलायला हवीच होती. पण भुकेल्या माणसाच्या हातातली भाकरी धरून धोरण शिकवणं, ते आपल्या लोकांना लागलं. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळी एक वेळ उपास करायला सांगितलं. आमच्या घरी तो बरीच वर्षं चालला. आई म्हणायची, रोजे आहेत, त्यात एक सोमवार वाढला तर काय बिघडलं.

सरकारने त्या वेळी दोन्ही गोष्टी केल्या. जॉन्सन यांच्यापुढे मान तुकवली : जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन केलं, पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसातला झाला, देशभर शिव्या बसल्या. आणि मिळालेल्या मुदतीत कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. १९६८ ला गव्हाचं विक्रमी पीक आलं. पुढे १९७२ च्या दुष्काळात पुन्हा परदेशी मिलो खावा लागला. त्या तांबड्या भाकरीची चव आठवणारे इथे बरेच पिकले केस दिसतात. म्हणजे एकदा धडा घेतला की काम संपलं असं होत नाही. पण १९७२ ला आपण भीक मागत नव्हतो, विकत घेत होतो.

याच काळात याच बारामती तालुक्यात जे झालं ते देशपातळीच्या इतिहासात येत नाही. चर्चच्या मदत-संस्थेमार्फत परदेशातून गहू आणि तेल यायचं. बाकी ठिकाणी ते वाटलं जायचं आणि खाऊन संपायचं. इथे आप्पासाहेब आणि शरद पवार आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींनी तो गहू-तेल मजुरी म्हणून दिलं आणि जिरायत भागात पाझर तलाव खोदून घेतले. शेकड्याने झाले ते. पुढे १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान निघालं त्याचं मूळ या कामात आहे. पवारांच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काही असो, हे काम मला फार शहाणपणाचं वाटतं. गहू परक्याचा, तो कधी बंद होईल सांगता येत नाही. मग तो येतोय तोवर त्याचं पाणी करून ठेवायचं. गहू बंद झाला, तलाव राहिले. इतकं साधं आहे, आणि इतकं क्वचित घडतं.

तारापूरचंही थोडक्यात सांगतो, कारण ते महाराष्ट्रात आहे. १९६३ मध्ये अमेरिकेने लेखी करार केला, तारापूर अणुवीज केंद्राला ३० वर्षं इंधन आम्ही देऊ. १९७४ ला पोखरण झालं. १९७८ ला अमेरिकेने आपल्या देशात नवा कायदा केला आणि करार असून पुरवठा अडकला. आपण भांडलो, वाट पाहिली, आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्याच संमतीने फ्रान्सकडून इंधन घेण्याची वाट काढली. केंद्र बंद पडलं नाही. फ्रान्स का मदतीला आला, यालाही इतिहास आहे. १९५६ मध्ये सुएझच्या वेळी अमेरिकेने ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचेही हात पिरगाळले होते. ब्रिटनने ठरवलं, यापुढे अमेरिकेला चिकटून राहायचं. फ्रान्सने ठरवलं, यापुढे आपलं आपण. १९६० ला त्यांनी अणुचाचणी केली आणि १९६६ ला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडले. (सुएझमध्ये त्यांनी केलं ते पाप होतं, ते मी माफ करत नाहीये. अल्जीरियातलं तर नाहीच.)

आता आखाताकडे. तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ, मुलं तिथे आहेत, म्हणून. कतारमध्ये अमेरिकेचा त्या भागातला सगळ्यांत मोठा लष्करी तळ आहे. या वर्षी कतारने अध्यक्षांसाठी आलिशान बोइंग विमान देऊ केलं, खुशामतीचा उच्चांक म्हणा. ९ सप्टेंबरला इस्रायलने दोहावर बॉम्ब टाकले. तळ होता, विमान दिलं होतं, तरी टाकले. आठच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सौदी अरबस्तानने पाकिस्तानशी संरक्षण करार केला : एकावर हल्ला तो दोघांवर. आपल्याकडे त्यावर टीव्हीवाल्यांनी जो गोंगाट केला त्यात मुख्य गोष्ट बुडाली. सौदीला आपल्याशी वैर काढायचं नव्हतं. त्यांनी अमेरिकेचा भरवसा तपासून पाहिला आणि दुसरं दार किलकिलं केलं, एवढंच. पहिलं दार त्यांनी बंद केलेलं नाही.

मग आपण काय करतोय? काही गोष्टी बऱ्या चालल्या आहेत. ब्रिटनशी जुलैमध्ये व्यापार करार झाला. स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाशी झालेला करार ऑक्टोबरपासून लागू आहे. युरोपशी बोलणी चालू आहेत. पंतप्रधान सात वर्षांनी चीनला गेले. डाळिंबवाल्यांना न्यूयॉर्कऐवजी, किंवा न्यूयॉर्कबरोबरच, दुसरी पाच बंदरं हवीत, आणि ती अशीच मिळतात. द्राक्षवाल्यांना हे आधीच माहीत आहे. युरोपच्या औषध-अंशांच्या अटी पाळून त्यांनी तो बाजार टिकवलाय, कुणाच्या मिठीवर नाही.

जिथे मला चिंता वाटते ती जागा म्हणजे शेजार. सार्कची शिखर बैठक शेवटची झाली २०१४ मध्ये, काठमांडूला. अकरा वर्षं झाली. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान, प्रत्येकाचा स्वतंत्र वकील कुठल्या ना कुठल्या बऱ्हाणपूरला बसलाय, कुणाचा वॉशिंग्टनला, कुणाचा बीजिंगला. आपलाही बसलाय. कारणं खरी आहेत. दहशतवाद खरा आहे, पहलगामला आपली माणसं मारली गेली, त्याबद्दल माझ्या मनात काडीचा संभ्रम नाही. तरीही मला १६२४ आठवतं. आदिलशहाची अंबरविरुद्धची तक्रारसुद्धा खरी होती. तिचा निकाल त्याने मुघलांकडे मागितला आणि १६३६ मध्ये त्याला निकाल मिळालाही, सोलापूर-पुण्यासकट.

अमेरिकेत तीन वर्षांनी दुसरा माणूस येईल आणि सगळं पूर्ववत होईल, असं आमचे काही प्राध्यापक मित्र म्हणतात. नवा माणूस कदाचित गोड बोलेल. पण जॉन्सन आणि ट्रम्प यांच्यात स्वभावाचं साम्य शून्य, पक्षही वेगळे, आणि तरी दोघांनीही आपल्याला भाकरीवरूनच चिमटा काढला. म्हणून माणूस तपासण्यात मी फार वेळ घालवत नाही. आपल्या कोठारात किती आहे आणि शेजारी किती जण फोन उचलतात, ते मी आधी विचारतो.

मी तासाभराच्या वर बोललो. संयोजक घड्याळ दाखवतायत आणि मागे चहा आलेला दिसतोय. चर्चेसाठी अर्धा तास आहे. डाळिंबवाल्या मित्राने मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू. त्यानंतर त्या मागच्या रांगेतल्या ताईंना माइक द्या, त्यांचा भाऊ दोहाला आहे म्हणाल्या.